मीरबाईची ताटं

पितृपक्षात घर बदलणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांना घरमालकाने बाहेर काढलं आहे. दुसरी, ज्यांना टेम्पो स्वस्तात हवा आहे. नंदिनी दुसऱ्या प्रकारातली होती आणि त्याचा तिला अभिमान होता. या पंधरवड्यात टेम्पोवाले माशा मारत बसलेले असतात, पेंटर एका फोनवर येतो, आणि लकडगंजातला जुन्या फर्निचरचा दुकानदार, जो एरवी गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहत नाही, तो स्वतः खुर्ची पुसून देतो. सगळ्यांची शुभकार्यं थांबलेली असतात ना! "मंग आपलं काहून थांबवाचं?" असं नंदिनीने विचारलं, तेव्हा तिच्या मोठ्या भावाला, धम्मानंदला, मान डोलावण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं. तो विहार कमिटीचा सचिव. मुहूर्त पाहू नका म्हणून दर पौर्णिमेला लोकांना सांगणाऱ्या माणसाने बहिणीला पितृपक्ष कोणत्या तोंडाने सांगायचा? नाहीतर त्याने नक्की सांगितला असता.

ते काम समोरच्या दारातल्या रुखमाबाईंनी केलं. पारशिवनीकडच्या त्या शेतकरी बाई, मुलाच्या नोकरीमुळे इथे येऊन पडलेल्या. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून त्यांनी सामान नीट पाहून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, पितरपाठात? दसरा तं समोर होता."

"आमाले पाठ नाही लागत, बाई," नंदिनीची आई, मीराबाई, म्हणाली. "आमचे पितर समजदार हायत."

रुखमाबाईंनी दार लावून घेतलं होतं. पण अर्ध्या तासाने त्याच दारातून त्या पाण्याची घागर घेऊन आल्या, कारण तिसऱ्या मजल्यावर नळ किती वाजता येतो हे नव्या माणसाला कोण सांगणार?

आज रविवार. हिंगणा रोडच्या या जुन्या इमारतीतला, लिफ्ट नसलेला, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढा फ्लॅट पाहायला घरचे लोक, म्हणजे धम्मानंद, त्याची बायको आणि धाकटा भाऊ अंकुश, यायचे होते. मीराबाई दिवाणावर बसून खोलीकडे पाहत होती. दिवाणाचा एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. खिडकीला तिच्याच जुन्या लुगड्याचे पडदे. रंग फक्त एका भिंतीला, जी दारातून दिसते तिला. बाकी तीन भिंतींवर आधीच्या मालकाच्या लेकराने चिकटवलेली फुलपाखरं तशीच होती. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. नंदिनीने पाय पोटाशी घेऊन का होईना, पण स्वतःच्या अंथरुणावर घेतले होते. सासर सोडून आल्यापासून इतकी वर्षं ती आणि मीराबाई धम्मानंदच्या घरच्या मागच्या खोलीत राहत होत्या. आता कंपनीच्या पगारावर कर्ज काढून तिने हे घर घेतलं. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, म्हणून इथे.

मीराबाई गुरुवारी ट्रंक घेऊन टेम्पोत बसली तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारी घर लावून द्यायला चालली. आज धम्मानंद तिला परत न्यायला येणार होता. आणि ती जाणार नव्हती. हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

*

धम्मानंद आला तो धापा टाकत आणि पायऱ्या मोजत आल्यासारखा. त्याच्यामागे मेघा, त्याची बायको, हातात खिरीचा डबा.

"लिफ्ट नाही म्हणून सांगायचं तरी," तो म्हणाला.

"सांगितलं होतं न दादा," नंदिनी म्हणाली.

"हं. हवा आहे मात्र."

पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडलेला होता. मेणबत्ती लागली, अगरबत्ती लागली. धम्मानंदने वंदना म्हटली. आवाज त्याचा खरोखरच चांगला, भरदार. लोक त्याला लग्नाकार्याला मुद्दाम बोलावतात. मेघा मागून म्हणत होती, नंदिनी म्हणत होती, मीराबाईचे ओठ हलत होते. तेवढा वेळ घरात कोणाचं कोणाशी काही नव्हतं. अशी पाच-दहा मिनिटं प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला येतात आणि त्यांच्या जोरावर पुढचं भांडण नीट करता येतं.

वंदना झाली. धम्मानंदने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड काढलं आणि नंदिनीच्या हातात दिलं.

"घे. नव्या घराला."

नंदिनीने कागद सोडला. काळ्या दगडाची पाटी, वर सोनेरी अक्षरं. नंदिनी धोंडबा रंगारी. तिने दोनदा वाचली. नवऱ्याचं नाव नव्हतं. बापाचं होतं. कोर्टात, बँकेत, रेशन दुकानात ज्या नावासाठी तिने इतकी वर्षं लोकांशी वाद घातला, ते भावाने न विचारता, न बोलता दगडावर कोरून आणलं होतं. तिला रडू आलं आणि भावाचा रागही आला, कारण आता त्याच्याशी भांडणं अवघड होणार होतं.

"दाखव," मीराबाई म्हणाली. नातवंडांच्या पुस्तकांवरून उतारवयात वाचायला शिकलेली ती, अजून अक्षराखालून बोट फिरवून वाचायची. बोट शेवटापर्यंत गेलं आणि पाटीच्या कडेवरून खाली आलं. "अन् माह्यं नाव?"

"तुझं कशाला?"

"मी राहतो न इथं."

धम्मानंदने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आई, जेवणं झाली की आपण निघू. ट्रंक मी आणि अंकुश घेऊ. तू फक्त हळूहळू उतर."

"कुठी?"

"कुठे म्हणजे? घरी."

"घरीच हाय मी."

नंदिनी पाटी छातीशी धरून उभी राहिली. धम्मानंद तिच्याकडे वळला. "हे तुझं आहे का सगळं?"

"तिचं नाही, माह्यं हाय," मीराबाई म्हणाली. "तिले काहून बोलतं? मले बोल."

"आई, मुलीच्या घरी आईने राहायची पद्धत आहे का आपल्यात? दोन कर्ते मुलगे असताना? लोकांना काय सांगू? रंगाऱ्यांच्या मुलांनी आईला बहिणीच्या दारात नेऊन टाकली म्हणून सांगू?"

धम्मानंद असा पुस्तकातलं बोलायला लागला की घरच्यांना कळायचं, आता हा हट्टाला पेटला. एरवी तो इतरांसारखंच बोलायचा. पण चिडला की त्याला 'आहे' आणि 'नाही' आणि 'पद्धत' आठवायची.

"पद्धत?" मीराबाईने पदर खोचला. "तुह्या आजानं छप्पन साली एका दिवसात सारं जुनं सोडलं. तुह्या बापाले खांद्यावर घेऊन गेला होता तो. दुसऱ्या दिवशी गावची विहीर बंद झाली त्याईले, काम बंद झालं. त्याले नव्हते का लोक? त्यानं नाही विचारलं लोक काय म्हणतीन. अन् तू त्याचा नातू, विहाराचा सचिव, माईकवर बोलणारा, मले सांगून राहिला का लेकीच्या घरी राहू नये. कोणत्या पुस्तकात वाचलं बापा? दाखव मले. मले येते आता वाचता."

धम्मानंदकडे अजून एक मुद्दा होता आणि तो खरा होता.

"बरं, पद्धत सोड. तीन मजले आहेत. गुडघे तुझे हे असे. नंदा शिफ्टला गेली की दिवसभर एकटी. पडलीस, चक्कर आली, तर कोणाला हाक मारशील?"

मीराबाईचा हात गुडघ्यावर गेला. ही भीती तिलाही होतीच. नंदिनीनेही मान खाली घातली.

"अन् मी काय मेली का बापू?" उघड्या दारातून आवाज आला. रुखमाबाई घागर घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, ते त्यांनाच ठाऊक. "समोर तं राहतो. दार बंद कराची सवय नाही आमच्यात."

"तुम्ही मध्ये बोलू नका, काकू," धम्मानंद म्हणाला. "हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"घरचाच हाय म्हणून तं जिन्यापर्यंत ऐकू येऊन राहिला," असं म्हणून रुखमाबाई घागर ठेवायला सरळ आत गेल्या, आणि परत गेल्याच नाहीत.

*

स्वयंपाकघरात मेघा पाटवड्यांच्या रश्शाला उकळी आणत होती. गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, तेलाचा लाल तवंग फिरत होता. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं आणि तिला सासूचं म्हणणं पटत होतं, ही फार गैरसोयीची गोष्ट होती. नवऱ्याने येताना गाडीवर बजावलं होतं, 'तू पण आग्रह कर, तुझा शब्द आई मोडत नाही.' हे खोटं होतं. सासू तिचा शब्द मोडत नव्हती, कारण गेल्या दोन वर्षांत दोघी एकमेकींना शब्दच देत नव्हत्या.

"वहिनी, ही घे," नंदिनीने आत येऊन कागदी ताटांचं पाकीट पुढे केलं.

"कागदाची? ताटं नाही का?" मेघाच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली.

"होती," बाहेरून मीराबाई म्हणाली. या वयात इतके तिखट कान. "होती न माही सहा ताटं. कुठी गेली त कोणाले ठाव."

मेघाने गॅस बारीक केला. कोणाले ठाव! म्हातारीला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईत, मेघाने मांडणीवरून ती ताटं काढून पोत्यात भरली आणि अंकुशच्या, धाकट्या दिराच्या, गाडीवर टाकली. मोडीत दे म्हणाली. पोतं दारातून जाताना मीराबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने पोत्याकडे पाहिलं, मेघाकडे पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांड्याला भांडं लागलं असतं, आवाज झाला असता आणि संपलं असतं. ती ओरडली नाही. मेघाने नवा काचेचा सेट आणला. मीराबाई त्यात दोन वर्षं जेवली, चवीने जेवली, आणि एकदाही म्हणाली नाही की छान आहे.

*

अंकुश जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, पोतं खांद्यावरून उतरवून उभा होता.

त्याने सकाळी दादाला फोनवर सांगितलं होतं, "मी तुह्या बाजूनं हाय." आईची मागची खोली त्याला मिळायची होती, दादाच्याच घरी वरच्या मजल्यावर बायको आणि लेकरासकट एका खोलीत राहणाऱ्या माणसाला खोलीचं महत्त्व कळतं. पण आई तिथे नसेल तरच ती खोली मिळणार, आणि दादा तर आईला परत आणायला निघालेला. म्हणजे दादाच्या बाजूने बोललं की खोली जाते. हे त्याच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मग त्याने नंदीला फोन केला आणि सांगितलं, "मी तुह्या बाजूनं हाय." दोन्हीकडे सांगून झाल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, आणि तो गाडी काढून सौरव नावाच्या मित्राच्या गॅरेजवर गेला.

पोतं तिथे होतं. दोन वर्षं, जुन्या टायरच्या मागे. त्या दिवाळीत तो मोडवाल्याच्या दुकानापर्यंत गेला होता, तराजूत ताटं टाकलीही होती. मग मोडवाल्याने एक ताट उचलून उजेडात धरलं आणि हसून विचारलं, "ये मीरबाई कौन है?" अंकुशने ताटं परत पोत्यात भरली. वहिनीला त्याने खिशातले पैसे नेऊन दिले. ताटं आईला दिली तर वहिनीला कळणार, वहिनीला दिली तर ती दुसऱ्यांदा विकणार. वहिनीच्या हातचं तो रोज जेवतो. म्हणून त्याने धाकट्या भावांच्या परंपरेला जागून काहीच केलं नाही.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? त्याने पोतं उचललं.

वर पोचला तेव्हा दादा उभा होता, आई बसलेली, नंदी पाटी धरून भिंतीशी. त्याला पाहून दादाचा चेहरा उजळला. "हा पहा आला. अंकुश, तू सांग आता आईला. तुझं ऐकते ती."

"सांगतो न," अंकुश म्हणाला, "श्वास तं घेऊ दे बे दादा." आणि त्याने पोतं फरशीवर सोडलं.

तो आवाज स्टीलचा होता. स्वयंपाकघरात मेघाच्या हातातला डाव थांबला. मीराबाई दिवाणावरून उठली. गुडघ्यांची आठवण न ठेवता ती खाली बसली आणि पोत्याची दोरी तिने दातांनी सोडली.

*

वरचं ताट आईने उचललं आणि पदराने पुसून धम्मानंदच्या हातात दिलं. म्हणाली, "वाच."

त्याला वाचायची गरज नव्हती. कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ते नाव त्याच्या बोटांना पाठ होतं. बाबा गिरणीत होते. एका बोनसला त्यांनी इतवारीतून सहा ताटं घेतली. दुकानाबाहेर नावं घालणारा बसायचा, त्याने विचारलं, नाव कोणाचं घालू? लोक स्वतःचं सांगायचे. बाबा म्हणाले, मीराबाई. तो म्हणाला, पुढे तुमचं नाव? बाबा म्हणाले, मले काय कराचं, रांधते ती, मांजते ती, ताटं तिची. तेवढ्या बोलाचालीत त्या माणसाचा एक काना राहिला. मीरबाई. बाबांना वाचता येत नव्हतं, आईलाही नव्हतं. दोन वर्षं ताटं घरात फिरली आणि कोणाला काही कळलं नाही. मग एक दिवस दुसरीतल्या धम्मानंदने ताटावरची भाजी बाजूला सारून मोठ्याने वाचलं, "मी-र-बा-ई!" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून मरेपर्यंत ते आईला मीरबाईच म्हणाले. घरात वाचायला आलेलं पहिलं माणूस तो होता, आणि त्याने वाचलेली पहिली चूक ही होती.

"ही तर माळ्यावर होती," तो म्हणाला. "इथे कशी आली?"

अंकुशने छताकडे पाहिलं. नंदिनीने अंकुशकडे पाहिलं. मीराबाईने कोणाकडेच पाहिलं नाही.

"माळ्यावर नव्हती." मेघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या दाराला दार नव्हतं, नुसती चौकट होती. "मी मोडीत काढली होती. दोन वर्षं झाली. अंकुश भाऊजीनं विकली नसन, मले आत्ता समजलं. पण मी काढली होती. मीच."

"तू?" धम्मानंद म्हणाला. "बाबांची ताटं? मला न विचारता?"

"तुमाले काहून विचारू? तुमी मांजत होते का?" मेघाचा आवाज चढला, आणि चढला तो चढलाच. "बावीस वर्षं झाली माह्या लग्नाले. त्यातली वीस वर्षं मी मीरबाईच्या ताटात जेवली. पाहुण्याले वाढलं त मीरबाई. पोट्ट्याईले वाढलं त मीरबाई. गंजावर मीरबाई नाही, पण तो बी त्याईचाच. घर तुमच्या बापाचं, नाव तुमच्या मायचं. मले एक ताट नको का? माह्या नावाचं एक ताट मागितलं मी, त काय गुन्हा केला?"

इतकं ती त्या घरात कधी बोलली नव्हती. रुखमाबाई तोंडाला पदर लावून, पण डोळे उघडे ठेवून, कोपऱ्यात उभ्या होत्या. आता म्हातारी काय बोलते याची सगळे वाट पाहत होते. मेघा तर हात बांधून, मान ताठ करून वाट पाहत होती. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे एकदाचं.

मीराबाईने विचारलं, "मंग घातलं का तुह्यं नाव त्या नव्या ताटाईवर?"

मेघाचे बांधलेले हात सुटले. "काचेवर नाव नाही घालता येत आई," ती म्हणाली. "मी विचारलं होतं."

पहिल्यांदा अंकुश हसला. मग नंदिनी. मग मेघाला स्वतःलाच हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. मीराबाई मात्र हसली नाही. तिने हात पुढे केला. मेघाला वाटलं उठायला आधार मागतेय, तिने हात दिला, तर म्हातारीने तिला ओढून शेजारी खाली बसवलं.

"पोरी, मले राग आला होता तुहा. लय आला होता. पण मी एक सांगू? तू पोतं भरलं न, त्या दिवशी मले समजलं. घर तुह्यं झालं होतं अन् मी हक्क सांगून राहिली होती. तुले तुह्यं घर पाहिजे, मले माह्यं पाहिजे. यात वाईट काय हाय? तुह्या नवऱ्याले सांग. त्याले समजत नाही. त्याले वाटते बाई घरात असली म्हणजे घर बाईचं असते."

मेघाने नाक पुसलं. मग नवऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "आई इथंच राहतीन."

"मेघा, तू तरी—"

"इथंच राहतीन म्हटलं न. मी येईन बुधवारी अन् शनिवारी, नंदाबाईची शिफ्ट असते तेव्हा. गुडघ्याचं तेल तिकडंच राहिलं, ते मी आणून देईन. तुमाले लोकाईले काय सांगायचं ते सांगा. नाहीतर मी सांगतो."

धम्मानंदने अंकुशकडे पाहिलं. अंकुश म्हणाला, "मी तं पहिल्यापासून नंदीच्याच बाजूनं होतो," आणि पोत्यातली उरलेली ताटं धुवायला घेऊन गेला. त्याला खोली मिळाली होती, आणि तरी त्याला लाज वाटत नव्हती. असं त्याच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं.

*

ताटं सहा आणि माणसंही सहा झाली, कारण मीराबाईने रुखमाबाईंना जाऊ दिलं नाही. "पितरपाठात आमच्यात बाहेर जेवत नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी पाटवडी त्यांच्या तोंडात होती.

"तिखट पडलं का?" मेघाने विचारलं.

"तिखट कशाचं? रस्सा हाय हा," रुखमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "वाढ अजून."

धम्मानंद खाली पाहून जेवत होता. भात सारला की नाव दिसायचं, तो परत भात ओढून त्यावर घालायचा. नंदिनी त्याच्या शेजारी बसली होती. तिला वाटत होतं, हा माणूस आपल्यावर माया करतो आणि आपल्याला काय हवं ते त्याला अर्धंच कळतं. पण अर्धं कळणारी माणसं तरी कुठे सापडतात? पाटीवर त्याने बापाचं नाव घातलं, हे ती विसरणार नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "पाटी लावून दे आज. मले तीच पाहिजे. पण एकटी नाही लावाची."

"मग काय? परत करून नवी करून आणू? दगडावर मागून ओळ वाढवता येत नाही."

"नवी कशाले?" मीराबाई म्हणाली. तिने खिरीचा शेवटचा घास घेतला, उठली, आपलं ताट घासलं, धुतलं, पदराने पुसलं आणि धम्मानंदने आणलेल्या पाटीवर ठेवलं. "हे लाव खाली."

"आई, ताट?"

"माह्यं नाव हाय त्याच्यावर."

"ताटाले भोक पाडू नये बाई," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. आणि मग, कोणीच ऐकत नाही असं पाहून, "हातोडी हाय माह्याकडे," असं म्हणून घेऊन आल्या.

"अन् तू उद्या कशात जेवशीन?" अंकुशने विचारलं.

"लेकीच्या ताटात," मीराबाई म्हणाली. धम्मानंदकडे पाहून म्हणाली, म्हणजे चुकून त्याला ऐकू गेलं नाही असं व्हायला नको.

दार लाकडाचं होतं, एवढं बरं. आधी पाटी लागली. मग अंकुशने ताट फरशीवर पालथं धरलं, आणि धम्मानंदने काठाशी खिळा ठेवून हातोडी मारली. पहिल्या घावाला नुसता खळगा पडला. दुसऱ्या घावाआधी तो थांबला. नंदिनीला वाटलं, नको म्हणणार. त्याने अंगठ्याने नाव कुठे आहे ते चाचपून पाहिलं, खिळा दोन बोटं बाजूला सरकवला आणि मारला. त्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. कोणीतरी विचारलं, काय चाललंय? पितृपक्षात ठोकाठोक? रुखमाबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "आमच्याकडे घरभरणी हाय!"

ताट दारावर लागलं. जिन्यातल्या उजेडात नुसतं चमकत होतं. सोनेरी अक्षरांची पाटी पायरीवरूनही वाचता येत होती. तिच्याखाली एक गोल स्टीलचं ताट, त्याच्यावर काहीतरी लिहिलंय एवढंच कळत होतं.

धम्मानंद दोन पायऱ्या खाली उतरून पाहत राहिला. त्याने चष्मा वर केला, खाली केला. शेवटी बोलला तेव्हा त्याच्या तोंडातून 'आहे' आणि 'नाही' आणि 'पद्धत' सगळं गळून गेलं होतं.

"माय," तो म्हणाला, "लय बारीक अक्षरं हायत वं. इथून दिसून नाही राहिली."

मीराबाई दारात उभी होती, एक हात चौकटीवर.

"मंग जवळ येत जाय," ती म्हणाली.